बाबांचा कायटन

व्हिस बेट, मंगळवार

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही गालांना माझे मुके. खोकला थांबला का? मी पोटभर जेवते. गुडघा जरासा खरचटलाय, काळजी करू नकोस.

आता ऐक. तेरा वर्षांपूर्वी बाबांनी इथल्या खाडीतून एक कायटन नेला होता. आठ पाट्यांचं कवच असलेला, खडकाला चिकटून राहणारा तो समुद्रजीव. त्याच्या कडेला केसांचे अठरा झुपके आहेत, असं बाबांनी चिठ्ठीवर लिहिलं, आणि त्यांचे वरिष्ठ लुक्षा सर यांनी त्याखाली 'ओळख चुकली' असं लिहिलं होतं, आठवतं? आज त्याच खाडीत, दगडाखाली, मला तसाच एक जिवंत सापडला.

माझ्यासोबत आलेले सर भिंग घेऊन पाण्यातच गुडघ्यावर बसले. "याच्या कडेला खवले असणार," ते म्हणाले.

"खवले नाहीत सर, केसांचे झुपके आहेत. मोजा."

त्यांनी मोजले. अठरा भरले. पुन्हा मोजले, तरी अठराच. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"पोरी, तुझा बाप बरोबर होता," ते म्हणाले. "आणि मी सगळ्यांसमोर त्याला हसलो."

दगड पुन्हा जागेवर त्यांनीच ठेवला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

आई, त्यांना तुला भेटायला यायचंय. बाबा गेल्यापासून सरांचं नाव तू घरात घेऊ दिलं नाहीस, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "दारातूनच परत पाठवलं तरी चालेल."

येऊ देशील का त्यांना? तू नको म्हणालीस, तर मी कारण विचारणार नाही.

तुझी,
नेडा