ग्लेनिससाठी समुद्राकडची खोली

४ मे
ठरलं. ग्रीस, कोस बेट, कार्दामेना. जूनअखेरचा आठवडा, दोघांसाठी समुद्राकडची खोली. घरातून जाताना माझी बायको ग्लेनिस म्हणाली होती, "हावर्ड, या घरात कुणी हसत नाही." म्हणून मुद्दाम बेटावरचं सगळ्यात गजबजलेलं गाव निवडलं. मार्चपासून ती ओल्डमला बहिणीकडे, मेव्हिसकडे आहे. विश्रांतीसाठी.

५ मे
फोन केला. मेव्हिसने उचलला. म्हणे, ग्लेनिस आंघोळ करतेय. दुपारी केला, तरी आंघोळच. संध्याकाळीही तेच. स्वच्छतेची आवड तिला पहिल्यापासून.

११ मे
स्वतःच ओल्डमला गेलो. दारातच बातमी दिली.  ग्लेनिस म्हणाली, "मला विचारलंस का?" मी म्हटलं, अगं, सरप्राइज विचारून देतात होय? तिने दार लावून घेतलं. पण आपटलं नाही. सुधारणा आहे.

१८ मे
पबमध्ये माझा मित्र डेस्मंड खिदळला. "लेका, तिथे सगळी विशीतली पोरं. पहाटेपर्यंत धिंगाणा. तू काय त्यांचा आजोबा म्हणून जाणार?" जळतो. ग्लेनिससोबत नाचायचं म्हणजे पोट कमी करायला हवं. उद्यापासून धावणे. बिअर बंद.

१९ मे
पाऊस. उद्यापासून.

२७ मे
स्वयंपाकघरात नाचाचा सराव. गिरकी घेताना कंबरेत उसण भरली. फरशीवर आडवा पडलो असताना फोन वाजला. वाजतच राहिला. उठता येईना. ग्लेनिसच असणार. मागून फोन केला तर म्हणे, आंघोळ.

३ जून
कामावरून आलो तर कपाटातून ग्लेनिसचा जाड कोट गायब. किल्ली तिच्याकडे आहेच. ग्रीसला जाड कोट कशाला? पण संध्याकाळी समुद्रावर वारा सुटतो. ती नेहमी पुढचा विचार करते.

खणातला तिचा पासपोर्टही नाही!!

डेस्मंडला फोन करून सांगितलं.  तो म्हणाला, "हावर्ड, तू तिच्याशी नीट बोल रे बाबा." हरला की असाच बोलतो.

१५ जून
मेव्हिसला निरोप दिला: शनिवारी सकाळी, मँचेस्टर विमानतळ, सामान द्यायच्या रांगेपाशी. ती म्हणाली, "सांगते. पण तू कशाची आशा लावून बसू नकोस." आशा कसली? तिकिटं आहेत.

धावणे राहिलं. कंबर.

२२ जून, विमानतळ
लवकर आलो. रांगेत पुढच्यांना वाट देत मागे मागे सरकतोय.  मागची पोरं आत्ताच गाणी म्हणायला लागलीत. रांग लावणाऱ्या मुलीने दोनदा विचारलं, "तुमच्या मिसेस?" येतायत, म्हटलं.

आली! लांबून दिसतेय. हातात सामान नाही. मेव्हिस आणत असेल.

२२ जून, विमानात
मेव्हिस नव्हतीच. ग्लेनिस म्हणाली, "फोनवर सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून आले. मी येत नाहीये, हावर्ड." मी म्हटलं, पण पासपोर्ट नेलास ना? म्हणाली, भाड्याने घर घेतलंय, त्या कागदांना लागला. एकटीसाठी.

मी म्हटलं, समुद्राकडची खोली आहे.

तिचे डोळे भरले. "मला समुद्र नको होता रे. तू कधीतरी नुसतं विचारायचं होतंस." माझी कॉलर सरळ केली आणि गेली. मी हाक मारली, पण पोरांच्या गाण्यात ती तिला ऐकू गेली नसावी. गेली असावी.

२४ जून, कार्दामेना
सगळे हसतायत. पोरं एकमेकांना पाण्यात ढकलतायत. सकाळपासून शेजारच्या आरामखुर्चीवर टॉवेल टाकून ठेवला होता. दोन-तीन जणांना हात करून पुढे पाठवलं. दुपारी एक डच बाई आली. वयस्क, उन्हाने लालबुंद. "इथे कुणी बसलंय का?"

बायको येतेय, असं सांगणार होतो.

टॉवेल उचलला. म्हटलं, नाही, कुणी नाही. बसा.