हुपरीच्या सोड्याचा ठसका

मंगळवार, संध्याकाळ

आल्याचा तो लाल सोडा आता फक्त हुपरीत मिळतो. कोल्हापुरातला म्हणजे रंगवलेलं पाणी, हे आमच्या दादाचं जन्माचं मत. पहिल्या घोटाला ठसका लागला नाही, तर बाटली परत करणारा माणूस! आज हुपरीला गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "संपला की पावणं." मग खोडी सुचली. घरी येताना कोल्हापुरातलाच बिनआल्याचा लाल सोडा घेतला आणि हुपरीच्या जुन्या बाटलीत भरून दादापुढं ठेवला. शिव्या खायची तयारी होती. खरं तर हौसच.

दादानं घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि ठसकला. "हुपरी ती हुपरीच की रं!"

आलंच नव्हतं त्यात. मग ठसका कशाचा?

वहिनी आतून म्हणाल्या, "महिना झाला, जेवणाला नावं ठेवत न्हाईत. सुधारलं बघा तुमचं दादा." मी हसलो. दादाही हसला, पण नजर चुकवून.

चव कधी गेली त्याची? आणखी काय काय लपवतोय? डॉक्टरकडं चल म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आणखी देऊ?"

त्यानं ग्लास उचलला आणि ओठाला लागायच्या आधीच ठसकला.