लग्न व्हँकुव्हरला, राउटर गोरमध्ये

रविवार, ९ जून
किर्स्टीचा फोन. आमच्या या पोरीचं लग्न ठरलं. व्हँकुव्हरला, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. आपल्याकडे तेव्हा रविवारची दुपार. ग्लेनिसचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलंय. ती म्हणाली, तू जा, मला रॉस बघेल. रॉस तिचा भाऊ. त्याला स्वतःची किटली सापडत नाही, तो काय बघणार. बायकोला टाकून जाणारा माणूस मी नव्हे.

किर्स्टीची एकच मागणी. बाबानं इथूनच, पडद्यावर, भाषण करायचं. मी हसलोच. इथल्या गोर गावच्या जनावरांच्या बाजारात आयुष्यभर लिलाव पुकारलेत. अख्ख्या साउथलंडमध्ये माझ्याहून भरभर बोलणारा झाला नाही. भाषणाची काळजी नाही. काळजी आहे ती इंटरनेटची. आपलं इंटरनेट म्हणजे म्हातारी मेंढी, फाटकाशी येऊन उभी राहते.

भाषण उद्या लिहायला घेणार.

मंगळवार, ११ जून
रस्त्यावरून फायबर गेलेलंच आहे. सगळ्यात वेगवान कनेक्शन मागितलं, चार गिगाबिट. फोनवरच्या मुलीनं विचारलं, घरात माणसं किती? म्हटलं, दोन. तिनं दोनदा विचारून खात्री केली. बहुधा कौतुकानं.

शुक्रवार, २१ जून
फायबर आलं. जुनी लाइन आजच कापली. भिंतीवर छोटी पांढरी डबी बसवलीय. डबीला राउटर लावायचा आणि राउटरनं घरभर इंटरनेट वाटायचं, इतकं सोपं. कंपनीनं एक राउटर फुकट दिलाय. फुकट! बाजारात कुणी फुकट मेंढी देऊ केली की मी आधी तिचे खूर बघायचो. खोका न फोडता गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांखाली ठेवून दिला. चार गिगाबिटला शोभेल असा राउटर मी स्वतः निवडणार. रविवारपर्यंत निकाल.

ग्लेनिसनं विचारलं, तोवर आम्ही काय करायचं? म्हटलं, तोवर धीर.

रविवार, ३० जून
निवड शास्त्रशुद्ध चाललीय. मुद्दा सगळा पोर्टचा. पोर्ट म्हणजे वायर खुपसायचं भोक. ते लहान असलं की चार गिगाबिट बाहेरच ताटकळतात, अरुंद फाटकापुढे कळप ताटकळतो तसे. आणि बहुतेक राउटर लबाड असतात. आत यायला मोठं पोर्ट, बाहेर जायला लहान. लोक जाहिरातीतला आकडा बघून फसतात. मी फसणाऱ्यातला नाही.

रॉस चहाला आला होता. म्हणे, "तोंडच दाखवायचंय ना तुझं? का मेंढ्या पाठवायच्यात त्या वायरीतून?" त्याच्या घरी जुनाट कनेक्शन आहे. मत्सर स्वाभाविक.

ग्लेनिस किर्स्टीशी बोलायला रॉसकडे गेली. आमच्याकडे सध्या इंटरनेट नसल्यानं. येऊन म्हणाली, लग्नाचा ड्रेस बघितला, फार सुंदर आहे. मी नाही बघितला. कामात होतो.

भाषण: मुद्दे डोक्यात तयार आहेत.

गुरुवार, ११ जुलै
राउटर आला. ऑकलंडहून, आठ अँटेनांचा. ग्लेनिसला तो उताणा पडलेला खेकडा वाटला. आत यायचं पोर्ट मोठं, छान. बाहेर जायची सगळी लहान. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय. मी खोक्याची दुसरी बाजू वाचली होती. परत पाठवला. माणूस अशानंच जाणकार होतो.

शनिवार, २० जुलै
दुसरा राउटर. दोन्हीकडून मोठी पोर्ट. दणकट. आत पंखा आहे. ग्लेनिस म्हणाली, घरात दूध काढायची मशिनं लावल्यासारखं वाटतंय, हे शेडमध्ये ने. आधी राग आला. मग पटलं. भाषण शेडमधूनच शोभेल! भिंतीवर बक्षीस मिळालेल्या मेंढ्यांचे फोटो, हातात लिलावाची काठी, मागे खिडकीतून कुरण.

अडचण एकच, घरापासून शेडपर्यंत केबल. आपल्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, जमीन गोठून दगड झालीय, खणवत नाही. पण मधल्या कुरणाचं कुंपण थेट शेडपर्यंत जातं. त्या कुरणात रॉसच्या मेंढ्या चरतात. खांब तयार, तार तयार. वरच्या तारेला केबल बांधत नेली. सुरेख दिसते. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

मंगळवार, २३ जुलै
वेग अफाट! फक्त दर सेकंदाला तुटतं. टक. टक. टक. कंपनीला फोन करून खडसावलं. मुलगी म्हणाली, वायरीजवळ विजेचं काही आहे का? म्हटलं, बाई, इथे मेंढ्यांशिवाय काही नाही.

बुधवार, २४ जुलै
रॉस आला. कुंपणाकडे बघितलं, केबलकडे बघितलं, आणि खाली गवतात बसून हसायला लागला. कुंपण विजेचं आहे. मेंढ्यांनी लांब राहावं म्हणून दर सेकंदाला झटका देतं. हे मला माहीत होतं. ते बसवलंय मीच. पण या संदर्भात डोक्यात आलं नव्हतं.

"नेव्हिल," तो म्हणाला, "मेंढीला एक झटका बसला की ती शहाणी होते."

कुंपण बंद केलं. इंटरनेट ठणठणीत. लग्नापर्यंत कुंपण बंदच राहील. मेंढ्यांना काय कळणार? सवयीनं लांब राहतील.

रविवार, ४ ऑगस्ट
मेंढ्यांना कळलं. सकाळी ग्लेनिसच्या परसातला अर्धा कोबी संपलेला. ती दारात उभी राहिली आणि कुबडी कुंपणाकडे रोखली. मी धावत जाऊन कुंपण चालू केलं. केबल अजून त्याच तारेवर आहे हे घाईत राहून गेलं. बाहेर पाऊस, तार आणि केबल दोन्ही ओली. शेडमध्ये करपट वास. राउटर गेला.

खचलो नाही. तिसरा मागवला, सगळ्यांत भारी. शुक्रवारी येणार.

किर्स्टीचा फोन. आवाज बारीक वाटला. म्हणाली, "बाबा, मोठं भाषण नको. दोन शब्द बोल. पण बोल. इथे माझ्या बाजूचं कुणीच नाही." म्हटलं, बाळा, इतकं स्वच्छ दिसेल की माझ्या टायचे धागे मोजशील.

भाषण: उद्या. नक्की.

शनिवार, १० ऑगस्ट
डनेडिनच्या वाटेवर बर्फ. कुरिअर अडकलं.

भाषणाला बसलो. कागदावर तारीख घातली. मग पेन्सिलीला टोक काढलं. मग केबल बांधायचे चिमटे आकारानुसार लावून ठेवले. ऐन वेळी बोलण्यात जो जिवंतपणा असतो तो लिहिलेल्यात नसतो.

रविवार, ११ ऑगस्ट, सकाळ
कुरिअर नाही. ग्लेनिसला मी परिस्थिती समजावून सांगत होतो. ती मधेच उठली, काठी टेकत कपाटापर्यंत गेली, टॉवेल बाजूला केले आणि फुकटचा खोका फोडला. एक वायर भिंतीच्या डबीत, एक विजेच्या प्लगमध्ये. हिरवा दिवा लागला. माझा चहासुद्धा निवला नव्हता. पडद्यावर किर्स्टीनं पाठवलेला ड्रेसचा फोटो लख्ख उघडला.

देखरेख मी केली. कुंपण मात्र बंद करून आलो. धोका कशाला पत्करायचा.

रविवार, संध्याकाळ
जे झालं ते लिहितो.

स्वयंपाकघरातच बसलो. मी सुटात, खिडकीकडे पाठ करून. समोर पडदा. बाजूला, कॅमेऱ्याबाहेर, ग्लेनिस आणि रॉस, ताटात चीज रोल. बाराच्या ठोक्याला व्हँकुव्हरचा हॉल दिसला. मधोमध किर्स्टी, पांढऱ्यात. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या हनुवटीवरचा व्रण दिसला. पाच वर्षांची असताना माझ्या शेडच्या पायरीवरून पडली होती, तो.

कुणीतरी म्हणालं, आता वधूचे वडील. सगळा हॉल पडद्याकडे वळला.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हातही हलेना. मी, ज्याच्या तोंडाला लिलावात श्वास घ्यायलाही सवड नसायची.

तिकडे कुजबुज सुरू झाली. किर्स्टी म्हणाली, "बाबाकडचं चित्र थांबलंय वाटतं." एक सूटवाला पडद्याशी खुडबुड करायला आला. बंद करून परत लावू का, विचारत होता.

तेवढ्यात सगळा हॉल हसायला लागला. नंतर रॉसनं सांगितलं. माझ्यामागे खिडकीत एक मेंढी आली होती, ग्लेनिसचा उरलेला कोबी चघळत, आणि सावकाश या टोकाकडून त्या टोकाला गेली.

किर्स्टी हसली नाही. पडद्याच्या अगदी जवळ आली.

"थांबा, बंद करू नका," ती त्या माणसाला म्हणाली. मग मला, "बाबा, मेंढी चालतेय मागे. म्हणजे तू... रडतोयस?"

मला एवढंच म्हणता आलं, "नीट दिसतंय का?"

"दिसतंय," ती म्हणाली. "सगळं दिसतंय."

मग ग्लेनिस बसल्या जागेवरून जे बोलली ते भाषण होतं. छान बोलली. मी तिचा हात धरून बसलो होतो.

या वहीत खोटं कुणासाठी लिहू? कागद समोर घेतला की पहिली ओळ ठरलेली होती, की किर्स्टी आता तिकडचीच. ती लिहवत नव्हती. राउटरचं तसं नसतं, तो आवडला नाही तर परत पाठवता येतो.

सोमवार, १२ ऑगस्ट
तिसरा राउटर आला. सही करून घेतला. खोका फोडला नाही. टॉवेलांखाली ठेवलाय.