गालातला हिरवा दोरा

हडपसर, १४ ऑगस्ट १९८६

प्रिय विजू,

तुझ्या आप्पाने स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढे रागावलीस तर सगळं माहीत असून रागावशील. प्लॅस्टरच्या एकतीस कवट्या. सुटे होणारे अठरा कान. झडपांसकट उघडणारं एक हृदय. आणि चावणारे नऊ जबडे, कागदाच्या लगद्याचे स्नायू आणि त्यांवर रंगीत दोऱ्यांचे मज्जातंतू. शिक्षण सहावी, नोकरी खडकीच्या कारखान्यात लाकडी साचे करण्याची. शरीरशास्त्र शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतून, डिक्शनरी शेजारी ठेवून.

दात घट्ट आवळ आणि गालाच्या मागच्या बाजूला बोट ठेव. टणक गोळा लागतो तो मॅसेटर. कानशिलावर हलतो तो टेम्पोरॅलिस. हाडाच्या आतल्या अंगाला दोन टेरिगॉइड. त्यातला बाहेरचा जबडा पुढे ओढून तोंड उघडतो, बाकीचे तिघे मिटतात. चौघांनाही हुकूम येतो तो मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या तिसऱ्या फांदीतून. माझ्याकडे तिचा दोरा पिवळा. गालातला बक्सिनेटर मात्र ह्या चौघांतला नाही. तो घास ढकलून दातांखाली ठेवतो, आणि त्याचा दोरा हिरवा, म्हणजे सातव्या तंतूचा. पिवळ्याची एक बारीक फांदी त्याच्यातून आरपार जाते, म्हणून माणूस फसतो. ती फक्त स्पर्श कळवते, हलवत नाही. पहिल्या तीन जबड्यांत मीही फसून त्याला पिवळा दोरा लावला होता, आणि ते ज्या कॉलेजाला दिले तिथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

लक्षात आणून दिलं तुझ्या आईने. कानाखालची गाठ काढताना तिचा सातवा तंतू गेला, तेव्हा तू नऊ वर्षांची. भाकरी नीट चावायची, पण घास गालात साठून राहायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बोटाने काढायची. नारायण पेठेतल्या त्या लग्नात कुणीतरी वाढप्याला म्हणालं, "सोजरबाईंना चावता येत नाही, नुसता मऊ भात वाढा." आठवतं, काय म्हणाली? "दात शाबूत हायेत माझे. सुपारी आणा, अख्खी." कडकन फोडली. मग सगळ्यांदेखत गालात बोट घालून तुकडे काढले. तू मात्र पान सोडून उठलीस आणि लांब मुलींमध्ये जाऊन बसलीस. तिने पाहिलं. कधी बोलली नाही. मीही आजवर बोललो नव्हतो. घरी येऊन मी ते तिन्ही जबडे कॉलेजातून परत मागवायचं पत्र लिहिलं, आणि आले तसे फोडले.

तुझ्या यजमानांनी पाठवलेले श्यामसुंदरशेठ मागच्या आठवड्यात येऊन गेले. देशभरच्या डेंटल कॉलेजांना जबडे पुरवणार म्हणे. काम पाहून खूश झाले. मग पिशवीतून पुस्तिका काढली. तिच्यात चावण्याचे स्नायू पाच, पाचवा बक्सिनेटर, आणि त्यालाही दोरा पिवळाच. मी बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "सर्जेराव, दहा हजार प्रती छापून झाल्यात. तुम्ही रंग बदला, कोण बघतंय?" म्हटलं, "चूक छापलीत तुम्ही, आणि रंग मी बदलू?"

काल तुझं पत्र आलं. एक दोराच तर आहे, आप्पा, तेवढ्याने माझा सासरी मान राहील, असं लिहिलंस. तुझा मान राहावा असं मला का वाटत नाही, गं? पण तो जबडा पाहून शिकलेला कुणी उद्या तुझ्या आईसारख्या बाईला सांगेल, की घास साठतो कारण बाई, तुम्ही नीट चावत नाही. ती बाई भिंतीकडे तोंड फिरवेल. माझ्या हाताने हे होणार नाही. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या गालातला दोरा मी तरी बदलणार नाही.

शेठना आज नकार कळवला. सासरी दुसऱ्याच्या तोंडून अर्धवट ऐकायला नको, म्हणून तुला हे लिहिलं. कुणी विचारलं तर मान वर करून आकड्यासकट सांग: "दोनशे जबडे, एक लाख चाळीस हजार रुपये, निम्मे आगाऊ. एवढ्याला माझ्या बापाने नाही म्हटलं."

तुझाच,
आप्पा