खात्रीचं माणूस

१० मार्च

ती. ताईस,
धाकटीचा मनापासून नमस्कार, वि. वि.

मामीचं एक वाक्य आज सकाळपासून डोक्यात घोळतंय. तिच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांचे आभार कुणी मानायचे, यावर चर्चा चालली होती. कुणीतरी तुझं नाव सुचवलं, तशी मामी हातातला तांब्या तसाच धरून म्हणाली होती, की हिला बोलायला उभं करू नका, ही खरं बोलेल. सगळे हसले. तू मात्र तोंड वर करून विचारलं होतंस, की मग माणसांना बोलायला उभं करतात तरी कशाला.

आज रेडिओवर तुझा शपथविधी ऐकला. चष्म्याच्या दुकानात कामावरच होते. एका आजोबांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली होती, तेवढ्यात तुझा आवाज आला आणि भिंग माझ्या हातातच राहिलं. आजोबांना खालची ओळ दिसत नव्हती, पण पाठ होती. ती त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली आणि वर मला बजावलं, की हे तुमच्या बहिणीला कळवू नका.

घरी येताना मुद्दाम पंपघरावरून आले. तू पंप चालवायचीस तेव्हा दारावरच्या फळ्यावर काय काय लिहायचीस, ते आठवून एकटीच हसले. आज पाणी नाही, मोटर जळली आहे, उद्याचंही सांगता येत नाही. तुझे अभियंतासाहेब काकुळतीला यायचे, की बाई, नुसतं ‘लवकरच’ लिहा, लोकांना बरं वाटतं. तू ऐकायची नाहीस. लोक तुला लाखोली वाहायचे, पण कपडे कधी भिजवायचे ते तुझा फळा बघूनच ठरवायचे. त्याच लोकांनी तुला नगरपालिकेत धाडलं, मग नगराध्यक्ष केलं, मग आमदार. दर निवडणुकीला आमचे हे भाकीत करायचे, की या खेपेला तुझी ताई आपटणार, कारण ती कुणाला काही देईन म्हणतच नाही. आणि दर निकालाला सगळ्या गल्लीला चहा पाजायची पाळी ह्यांच्यावरच यायची. आता तर अख्ख्या राज्याचं पाणी तुझ्या हाती आलं. हे म्हणतात, की मी भाकितं सोडली.

आई खूश आहे, पण जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहते. विचारलं तर सांगते, की खिडकीतून बघत होते. त्या वळणावर खिडकी नाही. डॉक्टरांना दाखवलं. हृदयाची एक झडप आवळत चालली आहे म्हणतात, शस्त्रक्रिया करावी लागेल. आईने शेजारणींना सांगून टाकलं, की पंप इथे बिघडलाय आणि पंपवाली तिकडे मंत्री होऊन बसलीये. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तुला असलं चालत नाही. तेव्हा थोडी कर.

मंत्री झालीस तरी माझ्यावरचा लोभ आमदारकीतला होता तेवढाच राहू दे.

तुझी,
ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे फोन उचलला की पलीकडे आधी दोन माणसं ऐकतात, म्हणून आपलं लिहिलेलंच बरं.

मला दिलेली खोली एवढी मोठी आहे, की टेबलापलीकडच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. मग बाहेर बातमी जाते, की बाई चिडल्या. मी उठले की दारातला शिपाई उठतो. त्याचे गुडघे दुखतात हे कळल्यापासून मी शक्यतो उठतच नाही. पंपघरात दिवसभर उभी असायचे, आता माझेच गुडघे धरतील.

पहिल्याच आठवड्यात मी गोंधळ घातला, तो तुझ्या कानावर आला असेलच. वार्ताहरांनी विचारलं, की पूर्वेकडच्या गावांना या उन्हाळ्यात नळाचं पाणी मिळणार का. सचिवांनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली होती, प्रयत्न चालू आहेत असं म्हणा. मी म्हटलं, मिळणार नाही. नळाची लाइन अर्धीच पडली आहे, पुढच्या उन्हाळ्याआधी पुरी होईल. तोवर टँकर येतील, तेही रोज नाही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी बोलावून घेतलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले (भिंगांवर चरे पडले होते, तू असतीस तर तिथेच बदलली असतीस) आणि मग म्हणाले, की या स्वभावाने तुम्ही इथवर पोचलात कशा, हे मला समजत नाही. मी म्हटलं, मलाही नाही समजत. त्यावर हसले. तूर्त तरी ठेवलंय मला.

आईच्या कामासाठी इथल्या मोठ्या रुग्णालयात जाऊन आले. सर्जन शांत माणूस आहे. रीतसर नंबर लावून २८ एप्रिल ही तारीख मिळाली आहे. त्यानंतर ते सहा-सात महिने परदेशी शिकवायला जाणार आहेत, तेव्हा ही तारीख हुकवायची नाही. आईला जिन्यावरून शक्य तितकं कमी खाली-वर करू दे. खिडकी बघायची असली तर स्वयंपाकघरात आहे म्हणावं.

आईला नमस्कार, तुझ्या माजी भविष्यवेत्त्याला आशीर्वाद. मला विसरू नकोस.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
ठमीचा नमस्कार, वि. वि.

परवा पूर्वेकडच्या एका गावातले गवंडी चष्म्यासाठी आले होते. मी तुझी बहीण हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, दरवर्षी पाणी देतो म्हणतात आणि आम्ही कोरडे नळ बघत उन्हाळा काढतो. यंदा त्या बाईने सरळ नाही म्हणून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा सगळं गाव चिडलं आणि मग जुन्या विहिरीत उतरलं. गाळ काढला, कठडा मीच बांधला, आता बेताचं का होईना, पाणी लागलंय. मी त्यांच्या चष्म्याला दुकानातली सगळ्यात चांगली डबी दिली. मालकांनी डोळे वटारले, मी बघितलंच नाही. ताई, मला फार अभिमान वाटला. तुझी बहीण म्हणून जन्मभर थोडी लाज वाटत आली होती, तीही लख्ख धुऊन निघाली.

आता घरचं. आई शस्त्रक्रियेला तयार नाही. इथले डॉक्टर घरी येऊन तासभर बसले. सांगितलं, की झडप अशीच राहिली तर पुढचा हिवाळा बघणं कठीण आहे, आणि काम झालं तर निवांत वर्षं मिळतील. काळजीचं काही कारण नाही, असंही म्हणाले. आईने सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर म्हणाली, की हा सगळ्यांनाच काळजी करू नका म्हणतो. समोरच्या शिंपीणबाईंनाही म्हणाला होता. त्याच आठवड्यात गेल्या. मी समजूत घालायला गेले, तर मला म्हणाली, की तू गिऱ्हाइकाला कुठलीही फ्रेम शोभून दिसते म्हणतेस. ह्यांचं तर ती मोजतच नाही.

तिचं एकच म्हणणं आहे. मोठीला विचारा. मोठी काही होणार नाही म्हणाली, तर आपल्या पायांनी जाऊन टेबलावर झोपते.

तेव्हा तू तिला लिही. लवकर लिही. दोन ओळी पुरेत.

उत्तराची आणि तुझ्या मायेची वाट बघणारी,
ठमी

८ एप्रिल

तीर्थरूप आईस,
मोठीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

ठमीने तुझा निरोप कळवला. तू मला विचारलंस, म्हणून मी सर्जनांकडे पुन्हा गेले आणि समोर बसून सगळं विचारून घेतलं.

तुझ्या वयाच्या दहा बायकांचं हे काम केलं, तर त्यांतल्या नऊ बऱ्या होऊन घरी जातात. एखादी जात नाही. ती कोण असेल, हे आधी सांगता येत नाही. छाती उघडावी लागते. शुद्धीवर आल्यावर काही दिवस फार दुखतं, खोकला आला तर जास्त. महिनाभराने माणूस चालू-फिरू लागतं. काम केलं नाही तर काय होतं, ते तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे आणि ते खरं आहे.

माझं मत विचारशील तर करून घे. मी तुझ्या जागी असते तर केलं असतं. पण काही होणार नाही असं मला लिहिता येत नाही, कारण ते मला माहीत नाही.

मी त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून रुग्णालयात असेन. तुझी माया आहे तोवर मला कशाची वाण नाही.

तुझी,
मोठी

१२ एप्रिल

ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. तुझं पत्र आलं. आईने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पत्राची नीट घडी केली आणि म्हणाली, मग नको.

बस्स, एवढंच. दहांतली ती एखादी मीच असणार म्हणते. लहानपणापासून सोडतीत तिचा नंबर कधी लागला नाही, हे तिला आठवत नाही. आता सामानाची पिशवी परत कपाटात गेली आहे.

आणि कहर ऐक. ते पत्र ती सगळ्यांना वाचून दाखवते. दूधवाल्याला, शेजारणींना, तुझ्या जुन्या अभियंतासाहेबांना. बघा म्हणते, माझी मुलगी मंत्री झाली, पण आईलासुद्धा सोडत नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान असतो, की मला एकदम रडू येतं आणि रागही येतो. तुझ्यापायी ती मरायला निघाली आहे आणि तुझ्यावरच इतकी खूश आहे!

तुला नऊच लिहिता आले नसते का गं? दहावीचं कशाला लिहिलंस?

काल मीच तिला जवळ बसवून म्हटलं, आई, काही होणार नाही. तिने माझा गाल थोपटला. मी लहानपणी परीक्षेत पास होईन म्हणायचे तेव्हा थोपटायची, तसाच.

तरीही तुझीच,
ठमी

१६ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद. रागावलेल्या माणसाला जरा जास्तच.

तुझं पत्र वाचल्यावर मी दार लावून घेतलं. शिपायाला वाटलं फाइल बघतेय. मग तुमच्या दुकानात फोन लावला. तू आईला आणायला धावलीस, ती आली, आणि मी तिच्याशी उन्हाबद्दल बोलले. तू पलीकडे उभी राहून श्वास रोखून ऐकत होतीस, हे मला जाणवत होतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, ठमे. अगदी ओठांवर होतं. मग आईने विचारलं, की जेवतेस ना वेळेवर, आणि मी म्हटलं, नाही.

तू म्हणशील, की एवढ्याने काय बिघडतं. आई मला विचारते, कारण मी तसं बोलत नाही. मी बोलले, तर तिने जिला विचारलं ती मी उरतच नाही. मग तिने कुणाच्या शब्दावर टेबलावर झोपायचं? आणि दहांतली ती एखादी आईच निघाली, तर तिला तिथे मी फसवून नेलेलं असेल. तू आणि मी राहिलेलं आयुष्य त्याचं काय करायचं?

नऊच लिहिता आले असते. विचार केला होता. पण आई हुशार आहे, तिने दहावीचं विचारलं असतं.

विधानसभा चालू आहे, म्हणून येता येत नाही. पूर्वेकडच्या दोन आमदारांनी माझा राजीनामा मागितलाय. सभागृहात मी शांत असते. रोज वाटतं, की घरी जाऊन आईच्या मागे मागे एक एक पायरी चढावी.

माझ्यावरचा राग ओसरला की कळव. नाही ओसरला तरी कळव.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
तुझ्या ठमीचा नमस्कार, वि. वि.

राग ओसरला. तुझं पत्र वाचताना शेवटी हसूच आलं. मंत्रीबाईंना साधं, हो, जेवते, एवढंसुद्धा बोलता येत नाही.

तू लिहिलंस ते सगळं पटलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, की असं माणूस राज्याला मिळालं हे राज्याचं नशीब आहे. मलाही तसंच वाटतं. त्या गवंड्यांच्या गावाला तुझं खरं बोलणं उपयोगी पडलं, कारण त्यांच्यापाशी जुनी विहीर होती. आईपाशी तसं काय आहे, सांग बघू? काल ती जिन्यात दोनदा बसली. खिडकीचं नावसुद्धा काढलं नाही.

मी दिवसाकाठी किती खोटं बोलते याला सुमार नाही. चष्मा दोन दिवसांत तयार होईल, तुमचा नंबर फारसा वाढलेला नाही, ही फ्रेम तुम्हाला शोभते. म्हणून माझं खोटं खपत नाही, त्याला काही किंमतच राहिलेली नाही. तुझं मात्र एकही खर्च झालेलं नाही. आयुष्यभरात एकही नाही! राज्यात कुणापाशी नसेल इतकं ते मोलाचं आहे. तू ते कधी वापरणार आहेस, ताई? निवडणुकीसाठी वापरलं नाहीस, खुर्चीसाठी वापरलं नाहीस, म्हणून तर मी तुझ्यापुढे हात जोडते. पण ते इथे वापर. आईवर वापर. ती एखादी आईच निघाली, तर दोष माझा. मी मागून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगेन, आणि ते खरं असेल.

गाडीची तिकिटं काढली आहेत, २६ तारखेची. आईला सांगितलेलं नाही. २५ला सकाळी, दुकान उघडायच्या वेळी, मी तिला फोनजवळच्या खुर्चीवर बसवून ठेवणार आहे. चष्म्याची दांडी घट्ट करायची आहे म्हणून नेईन.

तू जशी आहेस तशी मला हवीच आहेस, हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर गैरसमज नको. तू नाही म्हणशील, हेही मला ठाऊक आहे. माझ्याशी काही बोलू नकोस, मी उचलून लगेच तिच्या हातात देईन. उन्हाबद्दल विचारू नकोस. एवढंच म्हण, की आई, ये, काही होणार नाही.

तुझी,
ठमी