सत्तेचाळिसावा रकाना

पळसदरी, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

बोलींच्या पाहणीसाठी गावोगाव फिरून पाय दुखतायत, पण सत्तेचाळिसावा रकाना डोक्यातून जात नाही. हौसाबाईंनी ओटीवर वालाच्या शेंगा सोलता सोलता सेहेचाळीस वाक्यं आपल्या बोलीत सांगितली, मी टिपत गेलो. पुढचं वाक्य होतं, 'माझा मुलगा मेला.' नेहमीसारखं वाचलं आणि पेन्सिल धरून बसलो. त्यांचे हात थांबले.

"माजा पोरगा जिता हाय. मी आसं कशाला बोलू रं?"

नुसतं वाक्य आहे मावशी, म्हणालो. त्या सूप उचलून आत गेल्या, परत आल्या नाहीत.

विचारायच्या वाक्यांची यादी मीच केली, पुण्यात पंख्याखाली बसून. आजवर किती आयांकडून हे वदवून घेतलं? कुणी अडवलं नाही म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

पाहणीच्या प्रमुख सरांची ताकीद आहे, एकही रकाना कोरा नको. बाकीच्या वाक्यांवरून हे मलाच जुळवता येईल, कुणाला कळणारही नाही. म्हणून आत्ता खोलीत मोठ्यानं म्हणून बघितलं. घरी माझा बाळू दोन वर्षांचा आहे. 'माजा पोरगा' इथपर्यंत आलो. पुढे जीभ रेटेना.