आईच्या डोळ्यांतलं काजळ

लोहा, मंगळवार, संध्याकाळ

आईला जाऊन महिना झाला. माझे डोळे जळतात म्हणून आज नांदेडला दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजली की डोळ्यातलं पाणी टिकत नाही, आग होते, आणि मग उलट जास्तच पाणी वाहतं. आतून काजळ घालता का?"

काजळ. आईचेही डोळे असेच वाहायचे. थंडावा मिळेल म्हणून रोज मीच काजळ घालायचे, नेमकं त्याच कडेवर. कसं कळलं नाही मला? एकदा म्हणाली, "लई झोंबून राहिलं गं." मी म्हणाले, "झोंबलं म्हणजे गुण येतोय, आई."

त्यानंतर तिनं कधी तक्रार केली नाही. डबी दिसली की आपणहून डोळे ताणून धरायची.